पांढरीचा हिशेब

आमच्या वाडीचे वय कोणालाही सांगता येत नाही. वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठापासून कोस-दीड कोस आत असलेली ही वाडी कोणी वसवली आणि कधी, याचा कुठे कागद नाही. बिरोबाच्या देवळामागे दोन झिजलेले वीरगळ आहेत. त्यांवरची माणसे कोण असे विचारले, तर "लढाईत पडलेली" एवढेच उत्तर मिळते आणि कोणती लढाई हे विचारण्याची पद्धत नाही. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी कॅनडात, सास्कॅचेवान प्रांतातल्या सास्काटूनला आल्यावर मी इथल्या एका खेड्याच्या तोंडाशी पहिल्यांदा उभा राहिलो आणि पाटीवर गावाच्या नावाखाली '१९०८' हे साल रंगवलेले पाहिले, तेव्हा क्षणभर ती दुकानाचीच पाटी वाटली. मिठाईच्या दुकानावर 'स्थापना' लिहितात, सराफाच्या पेढीवर लिहितात. गावाचीही स्थापना होते, हे मला ठाऊक नव्हते.

हे खेडे सास्काटूनच्या आग्नेयेला मोटारीने तासाभरावर आहे. त्याचे नाव मी देत नाही, कारण पन्नासाच्या आत वस्ती असलेल्या गावाचे नाव सांगितले की माणसांची नावे सांगितल्यासारखेच होते. ते ज्या ओळीत बसले आहे ती ओळ मात्र सांगण्यासारखी आहे. ग्रँड ट्रंक पॅसिफिक या रेल्वे कंपनीने १९०७-०८च्या सुमारास विनिपेगकडून पश्चिमेला रूळ टाकत आणले, ठरावीक अंतरावर स्थानके आखली आणि त्यांना चक्क इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नावे दिली. फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इट्यूना, जॅस्मिन, केलिहर अशी ती पाटीवर मुळाक्षरे गिरवावीत तशी पुढे सरकत जातात. मध्ये एखाद्या गावाने हट्टाने वेगळे नाव घेतले आहे, पण ओळ मोडत नाही. वॅट्रस, झीना, यंग आणि झेल्मा आले की वर्णमाला संपते, आणि पुढच्या गावाचे नाव ॲलन, त्यापुढचे ब्रॅडवेल, त्यापुढचे क्लॅव्हेट. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा.

हे सगळे मी फोनवर आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोठ्या कौतुकाने सांगितले होते. त्यांना ते पटले नाही. "आरं, पाणी बघून गाव बसवत्यात. मैल मोजून कसं बसवतील? गाव काय कारखान्यागत काढलं व्हय?"

काढलेच होते, आणि त्यामागचा हिशेब घोड्याचा होता. गव्हाने भरलेली गाडी घेऊन निघालेला शेतकरी स्थानकावर माल उतरवून त्याच दिवशी घरी परतला पाहिजे, या बेताने दर आठ-दहा मैलांवर एक स्थानक आले. स्थानक आले म्हणून धान्याचे कोठार आले, कोठार आले म्हणून वाणसामानाचे दुकान, लोहार, टपाल कचेरी, शाळा, चर्च, बँकेची खोली आली. वस्तीच्या जमिनीला आपण पांढरी म्हणतो आणि पिकाच्या जमिनीला काळी. आपल्याकडे या दोहोंतले थोरले कोण, हे सांगणे अवघड आहे. इथे तो प्रश्नच येत नाही: काळी आधी कागदावर कापली गेली, मग रूळ आले आणि पांढरी सर्वांत शेवटी, एका घोड्याच्या दमाइतक्या अंतरावर टिंबे द्यावीत तशी मांडली गेली.

काळी कापली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. १८७२च्या डॉमिनियन लँड्स ॲक्टने या माळावर सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असे, टाउनशिप नावाचे, चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाचे एकेक चौरस मैलाचे ३६ भाग केले. अशा ६४० एकरांच्या भागाला इथे सेक्शन म्हणतात आणि त्याच्या चौथ्या हिश्शाला, म्हणजे १६० एकरांना, क्वार्टर. दहा डॉलर भरून अर्ज करायचा, तीन वर्षे वस्ती करायची, घर बांधायचे, ठरलेली जमीन फोडून दाखवायची, की क्वार्टर नावावर. अर्ज करणारा मात्र पुरुष असला पाहिजे; बाईला ही जमीन मिळायची ती बहुधा विधवा असून पोरेबाळे पदरात असतील तरच. आणि ज्यांचा हा माळ होता त्या मूळ रहिवाशांना या अर्जाचा अधिकारच नव्हता. त्यांच्याशी १८७४चा चौथा आणि १८७६चा सहावा करार करून त्यांना राखीव तुकड्यांवर बसवले गेले होते. तोवर बायसन या इथल्या रानबैलांचे कळप संपवून झालेले होते; पहिल्या वर्षांत कित्येक वसाहतकऱ्यांच्या हाती आलेले पहिले रोख पैसे गव्हाचे नव्हते, माळावर पसरलेली बायसनची हाडे वेचून आगगाडीच्या वाघिणीत भरण्याचे होते. ती हाडे खतासाठी आणि साखर शुभ्र करण्यासाठी लागणाऱ्या कोळशासाठी जात. प्रांताची राजधानी रेजायना जिथे आहे, त्या जागेचे क्री या मूळ रहिवाशांच्या भाषेतले नावच 'हाडांचा ढीग' अशा अर्थाचे आहे. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या मला ही साखरेची गोष्ट कळली, तेव्हा बराच वेळ दुसरे काही सुचले नाही.

मी एका बियाणे-धान्य तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. शेतकऱ्यांकडून नमुन्याच्या पिशव्या येतात, त्यांवर गावाचे नाव क्वचितच असते. असतो तो आकड्यांचा पत्ता: कोणता क्वार्टर, कोणता सेक्शन, कोणते टाउनशिप, कोणती रांग, आणि कितव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला. आमच्या घरच्या रानांना गट नंबर आहेत, पण ते तलाठ्यापुरते. आई कधी गट नंबर सांगून जेवण घेऊन गेली नाही. विहिरीकडचे, आंब्याचे, माळाचे, अशीच ती राने ओळखली जातात. इथे आकड्यांच्या पलीकडे नावे नसतील असे मी धरून चाललो होतो. तसे नाही. इथला शेतकरी क्वार्टरला ज्याने तो पहिल्यांदा फोडला त्याच्या आडनावाने ओळखतो, मग ते कुटुंब १९३०च्या दशकातल्या दुष्काळात परागंदा झालेले का असेना. मालक चार वेळा बदलला, तरी रान त्याच गेलेल्या माणसाचे राहते.

माझी आणि या खेड्याची ओळख चिखलात झाली. एका शेतावर नमुना घ्यायला जायचे होते. जून महिना होता आणि आदल्या रात्री पाऊस झालेला. इथले रस्ते सेक्शनच्या कडेकडेने दोरीत आखल्यासारखे जातात आणि फोनमधल्या नकाशाला पक्का रस्ता, खडीचा रस्ता आणि नुसती राखून ठेवलेली कच्ची पट्टी यांतला भेद नेहमी कळतोच असे नाही. त्यात या सरळ रस्त्यांची एक खोड आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाऊ तशी रेखावृत्ते एकमेकांजवळ येतात आणि चौकोन कागदावरच्यासारखे बसत नाहीत. म्हणून दर २४ मैलांवर मोजणी नव्याने जुळवून घेतली आहे. तिथे नाकासमोर चाललेला रस्ता एकाएकी संपतो, बाजूला थोडा सरकतो आणि पुन्हा उत्तरेला लागतो. नवखा माणूस अशा जागी रात्री सरळ शेतात जातो. मी दिवसाढवळ्या, त्या वळणानंतरच्या कच्च्या पट्टीवर, मोटार चाकांच्या वरपर्यंत रुतवून बसलो. ओली झाली की चाकाला कणकेसारखी लडबडणारी ही माती, हिला इथे गंबो म्हणतात. काळ्या रानात जन्म काढलेल्या घराण्यातल्या माणसाने तरी ती ओळखायला हवी होती, असे आण्णा नंतर म्हणाले, आणि ते खरेच होते.

पाऊण तासाने एक ट्रॅक्टर आला. चालवणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी साखळी बांधली, मोटार ओढून खडीच्या रस्त्यावर काढली, आणि माझे नाव विचारण्याआधी मी कोणाचा क्वार्टर शोधतो आहे हे विचारले. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारतो, वयाने माझ्या वडिलांएवढे असूनही. पण मनात ते पहिल्या दिवसापासून काका आहेत आणि इथेही मी त्यांना काकाच म्हणेन.

काकांच्या मालकीचा एक एलेव्हेटर आहे. एलेव्हेटर म्हणजे धान्य उचलून उंचावरच्या कोठारांत टाकणारी लाकडी इमारत, सत्तर-ऐंशी फूट उंच, वर अरुंद होत गेलेली. १९३३च्या सुमारास कॅनडाच्या प्रेअरी, म्हणजे सपाट गवताळ माळाच्या, प्रांतांत असे ५,७०० हून अधिक एलेव्हेटर उभे होते. प्रत्येकाच्या अंगावर कंपनीच्या नावासोबत गावाचे नाव हातभर अक्षरांत रंगवलेले असे आणि सपाट माळावर ते कित्येक मैलांवरून दिसे. कंपनीने हा एलेव्हेटर पाडायला काढला, तेव्हा काकांनी तो नाममात्र किमतीत विकत घेतला, आणि त्या सौद्यावरून काकू त्यांना अजून बोल लावतात.

आत गेले की आधी अंधार आणि मग जुन्या गव्हाच्या धुळीचा गोडसर वास येतो. गाडी थेट आत येऊन वजनकाट्यावर थांबायची, मागची फळी उघडली की धान्य लोखंडी जाळीतून खालच्या खड्ड्यात पडायचे. तिथून उभ्या पट्ट्यावर बसवलेल्या पत्र्याच्या वाट्या ते भरभरून शिखरापर्यंत नेत आणि तिथल्या फिरत्या नळीत ओतत. नळीचे तोंड खालून चाक फिरवून हव्या त्या कोठाराकडे वळवता येई. विहिरीवरचे रहाटगाडगे ज्याने पाहिले आहे, त्याला यात नवीन काही वाटणार नाही. नवल आहे ते भिंतींचे. भरलेले धान्य भिंतीला आतून बाहेर रेटते, साध्या खांब-तुळईची भिंत त्या रेट्याने फुटेल. म्हणून इथे दोन इंची फळ्या आडव्या, एकीवर एक थापून, तळापासून वरपर्यंत खिळ्यांनी ठोकत नेल्या आहेत. एका रिकाम्या कोठारात काकांनी विजेरी धरली आणि मला भिंतीवरून हात फिरवायला सांगितले. ऐंशी-नव्वद वर्षे दाणा घासून घासून लाकडाचा मऊ भाग झिजून आत गेला आहे आणि गाठी तेवढ्या गोट्यांसारख्या बाहेर राहिल्या आहेत. पायावर डोके टेकून टेकून गुळगुळीत झालेल्या मूर्ती मी पाहिल्या आहेत. दाण्याने घासलेले लाकूड तसेच असते, फक्त थंड नसते.

काट्याशेजारच्या टपरीएवढ्या कचेरीत एजंट बसायचा. शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत तो मूठभर नमुना चाळायचा, काडीकचरा किती ते मोजायचा आणि गव्हाची प्रत ठरवायचा. 'नंबर वन नॉर्दर्न' हे शब्द त्याच्या तोंडून ऐकण्यासाठी माणसे वर्षभर राबत. त्या कचेरीच्या भिंतीवर शिसपेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी आहेत: तपमान, पहिला बर्फ, कधी वाघिणी आल्या नाहीत. १९३७ सालची एक ओळ काकांनी मला मुद्दाम दाखवली. तारीख, तिच्यापुढे 'पाऊस' एवढाच शब्द, आणि त्याखाली तीन रेघा. त्या वर्षी सास्कॅचेवानात गहू एकरी सरासरी २.७ बुशेल पिकला होता, म्हणजे पाऊण क्विंटलही नाही.

या माळावर गहू टिकला, त्यात आपलाही एक दाणा आहे हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हते. इथला उन्हाळा आखूड. गहू पिकायच्या आत गोठणारे दव पडून दाणे चिरमटायचे. 'रेड फाइफ' हा कसदार गहू आणि भारतातून गेलेला लवकर पिकणारा 'हार्ड रेड कलकत्ता' यांच्या संकरातून 'मार्क्विस' निघाला, तो आठवडाभर आधी तयार होई. १९०९ पासून तो शेतकऱ्यांना मिळू लागला आणि दहा-बारा वर्षांत जवळजवळ सगळी प्रेअरी त्याने व्यापली. काकांच्या आजोबांनी हाच गहू पेरला होता. काकांना मार्क्विस ठाऊक होता. त्यातला कलकत्ता त्यांना मी सांगितला, आणि तेव्हापासून ते ती गोष्ट स्वतःची म्हणून इतरांना सांगतात.

मी सहकाराच्या मुलखातला असल्यामुळे एलेव्हेटरच्या गोष्टीतला पुढचा भाग मला फारसा परका वाटला नाही. खासगी कंपन्या काट्यात मारतात, प्रतीत मारतात, म्हणून शेतकऱ्यांनी १९२४मध्ये सास्कॅचेवान व्हीट पूल ही आपली सहकारी संस्था काढली आणि गावोगावी स्वतःचे एलेव्हेटर उभे केले. १८९७च्या करारापासून धान्याचे रेल्वेभाडे बांधून दिलेले होते, त्यामुळे लहान स्थानकावरून माल पाठवणे परवडत असे. १९९५मध्ये ती सवलत गेली. पुढच्याच वर्षी व्हीट पूलचे समभाग शेअर बाजारात आले आणि २००७मध्ये तर नावही गेले. एकीकडे शंभर-शंभर वाघिणींची गाडी एका दमात भरणारी काँक्रीटची कोठारे उभी राहिली, दुसरीकडे लाकडी एलेव्हेटर एकेका दुपारी भुईसपाट झाले. ज्याच्या अंगावर गावाचे नाव लिहिलेले होते तेच गेले. घोड्याचा हिशेब ट्रकने केव्हाच मोडला होता. आता फक्त वही मिटली.

काकांच्या गावातून आजही आगगाडी जाते, नव्हे, मुख्य मार्ग असल्यामुळे दिवसरात्र जाते. दोन-अडीच किलोमीटर लांबीच्या त्या गाडीत धान्य असते, डबाबंद माल असतो, ॲलनजवळच्या खाणीतले पोटॅश असते, ज्यातले थोडेफार फिरत फिरत आण्णांच्या उसालाही पडत असेल. ती थांबत मात्र नाही. १९३६मध्ये या प्रांतात १,४२,३९१ शेते होती, २०२१च्या गणनेत ती ३४,१२८ उरली आणि एकेकाचा सरासरी पसारा १,७०० एकरांच्या वर गेला. जमीन तेवढीच आहे, पिकते आधीपेक्षा जास्त. माणसे तेवढी लागत नाहीत. काकांचा मुलगा आणि सून मिळून जेवढी जमीन कसतात, तेवढीत आमच्या तीन-चार वाड्या काळी-पांढरीसकट मावतील.

गावाचे एकेक अंग कसे गळाले ते काकू बोटांवर मोजतात: शाळा, बँक, वाण्याचे दुकान, नर्स, पाद्री. मला स्वतःला लागले ते बसचे जाणे. सास्कॅचेवान ट्रान्सपोर्टेशन कंपनी ही प्रांताची सरकारी बससेवा १९४६मध्ये सुरू झाली आणि लहान लहान गावांतून फिरायची. माणसांबरोबर रक्ताचे नमुने, यंत्रांचे सुटे भाग आणि ग्रंथालयाची पुस्तके न्यायची. सरकारने ती तोट्यात चालते म्हणून बंद केली. शेवटची बस ३१ मे २०१७ला धावली. आपली पहिली एसटी पुण्याहून नगरला निघाली ती १ जूनला, १९४८ साली. या दोन तारखा अशा लागून आल्या आहेत, याला काही अर्थ नाही. पण 'गाव तिथे एसटी' वाचत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला तो जोड दिसल्यावाचून राहत नाही.

गावात आता एकच दार रोज उघडते, ते कॅफेचे. प्रेअरीवरच्या जवळजवळ प्रत्येक गावात एकेकाळी एक चिनी कॅफे असे. रेल्वे बांधायला आणलेली, नंतर नकोशी झालेली ही माणसे. १९२३ ते १९४७ त्यांच्या बायकामुलांनाही या देशात येऊ दिले गेले नाही, आणि या प्रांताने तर १९१२मध्ये चिन्यांच्या दुकानांत गोऱ्या बायकांनी काम करू नये असा कायदा केला होता. तरी एकेकटा पुरुष गावोगाव टिकून राहिला आणि सगळ्या गावाला 'पाय' हा सारण भरून भाजलेला पदार्थ आणि सूप वाढत राहिला. इथला कॅफे त्या घराण्याने केव्हाच विकला. आता तो गावची मंडळी पाळीपाळीने चालवतात, पण खाद्यपत्रिकेवर तळलेला भात अजून आहे.

सकाळी दहाला तिथे म्हाताऱ्यांची बैठक भरते. तिला ते 'कॉफी रो' म्हणतात. आपण पार म्हटले असते. कॉफीचे पैसे कोणी द्यायचे ते फासे टाकून ठरते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी कुठला, काय करतो हे सांगून झाल्यावर टोपीवाल्या एका आजोबांनी अत्यंत गंभीरपणे विचारले, "तुमच्याकडे यंदा पाऊस कसा आहे?" मला वाटले, विचारायचे म्हणून विचारतात. तसे नव्हते. इथे मसूर आणि पिवळा वाटाणा पिकतो आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक भारत. आपल्याकडे मान्सून बरा झाला, कडधान्य पिकले, की यांचा भाव पडतो. सास्काटूनला वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम ३५० मिलिमीटर. आमच्या जिल्ह्यातल्या आटपाडी-जतशी गाठ घालावी असा हा मुलूख, आणि त्यातली माणसे रोज सकाळी आटपाडी-जतच्याच ढगांची चौकशी करतात, आपल्या विरुद्ध बाजूने.

२०१७च्या नोव्हेंबरात भारताने वाटाण्यावर ५० टक्के आणि डिसेंबरात मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के आयातशुल्क लावले. त्या हिवाळ्यात मी कॅफेत गेलो की तो हुकूम मीच सही करून पाठवल्यासारखे सगळे माझ्याकडे पाहायचे. मी आण्णांना हे सांगितले. "बरं झालं की," ते म्हणाले, "आमच्या हरभऱ्याला दर नको व्हय?" दोन्ही बाजूंची माणसे मला भली वाटत होती आणि दोघांचेही म्हणणे खरे होते, त्यामुळे त्या हिवाळ्यात मी हवामानावरच जास्त बोललो.

मसुराचीही इथे जन्मतारीख आहे. सास्काटूनच्या विद्यापीठात १९७१मध्ये पीकसुधार केंद्र निघाले, तिथे निवड करून १९७८मध्ये 'लेअर्ड' आणि त्यापाठोपाठ 'एस्टन' हे वाण आले. लेअर्ड आणि एस्टन ही दोन्ही याच प्रांतातल्या लहान गावांची नावे. काका तेव्हापासून मसूर करतात. शेंगा जमिनीलगत धरतात म्हणून पेरणी झाली की रोलर फिरवून दगड दाबावे लागतात, नाहीतर कापणीच्या यंत्राचे दाते जातात. इतकी वर्षे पिकवूनही त्यांनी मसूर कधी खाल्लेला नव्हता. तो रेल्वेत घालायचा माल होता. एका शरदात गावजेवण होते, टर्की, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, बटाट्याच्या करंज्या आणि दहा प्रकारचे गोड 'पाय', असा बेत. मी इस्लामपूर पद्धतीचा अख्खा मसूर करून नेला, कांदा-लसूण मसाला निम्म्यावर आणून. सगळ्यांनी चमचाभर घेतला. काकू म्हणाल्या, "इंटरेस्टिंग." हा शब्द इथे काय सांगतो ते कळायला मला तोवर पुरेशी वर्षे झाली होती. पातेले तीन चतुर्थांश भरलेले परत आले. दुसऱ्या वर्षी मी काही नेले नाही, तर तिघांनी विचारले की ते मसुराचे कुठे आहे.

गाव कागदावरून गेले ते एका फेब्रुवारीत. पाण्याची तपासणी, मैलापाण्याच्या तळ्याची दुरुस्ती, हिशेबतपासनिसाची फी, हे चाळीस-पन्नास माणसांच्या गावाला झेपत नव्हते. तेव्हा गावाचा वेगळा दर्जा सोडून आसपासच्या ग्रामीण मंडळात विलीन व्हावे की नाही, यावर सभागृहात सभा झाली. बाहेर उणे तीस होते आणि सगळ्यांच्या मोटारींची इंजिने गोठू नयेत म्हणून विजेच्या तारांना टोचलेली होती. काकांनी विलीन होण्याच्या बाजूने हात वर केला, काकूंनी विरुद्ध. ठराव मंजूर झाला. दोघे एकाच पिकअपमधून घरी गेले आणि, काकांच्या सांगण्यानुसार, बुधवारपर्यंत बोलले नाहीत. १९०८ची पाटी अजून आहे, कारण ती काढण्याचे काम कोणाकडे द्यायचे हे ठरावात नव्हते.

गेल्या सप्टेंबरात कापणी उरकल्यावर काका मला एका क्वार्टरवर घेऊन गेले. तो त्यांनी कधी फोडलेला नाही. उतारावर मूळचे गवत आहे, गुडघ्याएवढे, तोवर तांबूस झालेले. काका चालताना खाली बघत चालतात, ही या भागातल्या सगळ्या शेतकऱ्यांची सवय. हिमयुगाने पुरलेले दगड थंडीच्या रेट्याने दर वसंतात वर येतात आणि ते वेचून बांधाच्या कोपऱ्यात टाकण्यात यांची बालपणे गेली आहेत. त्यामुळे टेकाडाच्या माथ्यावर ते एकदम थांबले आणि जमिनीकडे बोट दाखवले, तेव्हा मला आधी वाटले की वेचायचे राहिलेले दगडच दाखवत आहेत.

ते दगड वर्तुळात होते. निम्मे मातीत बुडालेले, उरलेल्यांवर नारिंगी-करडे शेवाळ धरलेले. पाच-सहा पावलांची रुंदी, पूर्वेला दोन दगडांएवढी मोकळी जागा. थोड्या अंतरावर दुसरे वर्तुळ, मग तिसरे. कातड्याच्या तंबूच्या कडा वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड. तंबू उठले, दगड राहिले. काकांच्या आजोबांनी हा क्वार्टर घेतला तेव्हा ते होतेच, आणि नांगर घालू नको एवढेच त्यांनी मुलाला सांगितले होते, का ते सांगितले नव्हते. मी विचारले की किती जुने असतील. काकांनी खांदे उडवले. "होतेच," ते पुन्हा म्हणाले, आणि आमच्या वाडीत वीरगळाबद्दल विचारल्यावर म्हातारी माणसे जशी विषय सोडून दुसरीकडे बघतात, तसे ते खालच्या तळ्याकडे बघू लागले.

त्या रात्री मी आण्णांना हे सांगितले. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी विचारले, "पाणी जवळ हाय का त्येच्या?"

टेकाडाच्या पायथ्याशी तळे आहे, दोनशे पावलांवर, असे मी म्हणालो.

"मग ती पांढरी," आण्णा म्हणाले, आणि कारखान्याने उसाचे बिल अजून काढले नाही ते सांगू लागले.